उभ्याची बंदूक

सिग्नीला तो डाग दिसला एका तुटलेल्या गुंडीमुळे. रविवारची सकाळ होती, शेगडीवर कॉफी उकळत होती आणि वरची गुंडी निघालेला शर्ट घालून हाल्वर खिडकीशी बसला होता. मुलगी सुईदोरा घेऊन त्याच्यावर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“बाबा, हे काय?”

“काय?”

“हे. खांद्यावर. जांभळं झालंय सगळं.”

“पडलो.”

“कुठे?”

“गोठ्यात.”

सिग्नीने कॉलर आणखी बाजूला केली. इस्पितळात नर्स म्हणून तिची हयात गेली होती. कोण कशाने पडलं आणि कोण न पडताच पडलो म्हणतंय, हे तिला डागावरून कळत असे.

“गोठ्यात पडलेल्या माणसाचं कोपर फुटतं. खांद्याच्या खळग्यात असा नेमका डाग बंदुकीचा दस्ता पाडतो. आणि आजोबांची बंदूक तर त्या दारावर आहे. तिच्या नळीवर कोळ्याने घर केलंय, मघाशीच बघितलं मी. तुम्ही दुसरी बंदूक घेतलीत.”

हाल्वर खिडकीबाहेर बघू लागला. अंगणातून गवती टोपी घातलेली एक बाई बादली घेऊन चालली होती. टोपीच्या काठाची वीणसुद्धा मोजून घ्यावी इतकी स्पष्ट दिसत होती. अंगणात कोणी नाही, हे त्याला ठाऊक होतं.

गेल्या हिवाळ्यापासून हे चाललं होतं. आधी नजरेच्या मधोमध धुराचा एक ठिपका आला. माणसाकडे पाहावं तर चेहऱ्याच्या जागी धूर, आणि कान, केस, खांदे मात्र आपापल्या जागी. मग त्या धुरात मंडळी यायला लागली. कधी बादलीवाली बाई, कधी कुंपणावर ओळीने बसलेली मुलं, कधी नुसतीच फुलं. ती बोलत नसत, काही मागत नसत. डॉक्टरला त्याने धुराचं सांगितलं होतं, मंडळींचं नाही. म्हाताऱ्या माणसाला वेडं ठरवायला लोकांना फार काही लागत नाही, असं त्याला वाटे. शिवाय मंडळी ओळखायला सोपी होती. खरी माणसं धुरकट दिसत, खोटी लख्ख. एवढी खूण लक्षात ठेवली की झालं.

“बाबा, मी विचारतेय. कुठे ठेवलीत?”

“पलंगाखाली.”

“पलंगाखाली! सोळा वर्षांचे आहात का?”

तिने जाऊन खोकं आणलं आणि टेबलावर लोणी आणि मुरंब्याच्या मधे ठेवलं. झाकण उघडलं तसा खोलीत नव्या तेलाचा वास पसरला. अक्रोडी लाकडाचा दस्ता, आखूड जाड नळी, चापाभोवती वळलेली लोखंडी लिव्हर. नळीचं तोंड एवढं की करंगळी आत जावी. आणि वरती, त्या आडदांड अंगावर अगदी उपरी वाटणारी, छोटीशी दुर्बीण.

सिग्नी बंदुकीकडे बघत राहिली. मग खाली बसली.

“म्हणजे यंदाही तुम्हीच उभे राहणार.”

हाल्वरने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्याने तिच्यावर सोडलं.

हाल्वरच्या, म्हणजे स्टेन्सरूडांच्या, घरात शिकारीच्या बंदुका ज्याच्या त्याच्या होत्या. उभ्याची बंदूक एकच होती. हाल्वरच्या बापाचा, नील्सचा, भाऊ डोंगरात एल्क, म्हणजे सांबरापेक्षा मोठं हरीण, सोलायला बसला असताना मागून अस्वल आलं, आणि त्यानंतर नील्सने ही रीत घालून दिली. एल्क पडला की बाकीच्यांनी गुडघ्यांवर बसून सुऱ्या चालवायच्या आणि एकाने त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. उभा माणूस मांसाकडे बघत नाही, बोलत नाही, एल्कवर गोळी झाडत नाही. त्याने फक्त झुडपं बघायची. अस्वल येतं ते जवळून, एकदम, भिंत कोसळल्यासारखं येतं. तिथे दूर जाणाऱ्या बारीक गोळीचा उपयोग नसतो. म्हणून ही मोठ्या तोंडाची, अंगठ्याएवढी काडतुसं खाणारी बंदूक. आणि बसलेल्यांनीही मागे वळून बघायचं नाही. उभ्याने हाक दिली तरच उठायचं. मागे बघणं म्हणजे उभ्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं.

नील्सनंतर हाल्वर उभा राहिला, पहिल्यांदा डोंगरात गेला त्याच मोसमापासून. ती बंदूक त्याने एकदाही कुठल्या जनावरावर झाडली नव्हती. अस्वलं दोनदा आली, उभी राहिली, त्याच्याकडे पाहून निघून गेली. दुसऱ्यांची पाठ राखण्यापलीकडे आपण आयुष्यात फारसं काही केलं नाही, असं तो कधीकधी म्हणे. म्हणताना ते त्याला पुष्कळ वाटे.

एल्कचा मोसम येत्या शनिवारी उघडणार होता. त्याआधीच्या रविवारी, म्हणजे आजच, घरच्यांनी जमून सराव करायची पद्धत होती.

*

बंदूक त्याने ऑगस्टमध्ये घेतली. बापाच्या बंदुकीची नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी दोन्ही धुरात बुडाल्यावर तो गाडी सावकाश हाकत, रस्त्याच्या कडेकडेने, गावात टकरच्या दुकानात गेला होता.

बर्ल टकरने काउंटरवर चामडं अंथरलं आणि त्यावर एकेक बंदूक ठेवत गेला.

“काय मारायचंय, हाल्वर?”

“काही नाही. उभं राहायचंय.”

बर्लने दोन बंदुका उचलून परत मागे लावल्या. उरलेली त्याच्यापुढे सरकवली. “मग ही. पंचेचाळीस-सत्तर काडतुसाची. तुझ्या बापाच्या बंदुकीचीच जात, पण पोलाद नवं आहे. एकच सांगतो, हिची तेज काडतुसं त्या जुनीत घालू नकोस. आत जातील बरोबर, बाहेर येताना बंदूक फाडून येतील.”

हाल्वरने लिव्हर खाली ओढली, वर घेतली. काय तो आवाज! जड दार व्यवस्थित लागावं तसा. अशा दाराच्या आत बसलेल्या माणसाला झोप लागते, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि त्याला त्याची लाज वाटली.

“माशी दिसत नाही मला,” तो हळूच म्हणाला.

बर्लने दुकानात आणखी कोणी नाही ना, ते पाहिलं. मग ड्रॉवरमधून ती छोटी दुर्बीण काढून बसवली आणि बंदूक त्याच्या हातात दिली. “समोर बघ. रस्त्यापलीकडे.”

हाल्वरने बंदूक खांद्याला लावली. रस्त्यापलीकडे चर्चच्या दारावर पितळी कडी होती. ती कडी सगळ्या धुरातून वर आली, चमकली. कित्येक महिन्यांत त्याने जगातली एखादी खरी वस्तू अशी पाहिली नव्हती. तो बघतच राहिला. एक कुत्रा आला, पायरीवर बसला, खाजवू लागला. कुत्र्याला भुवया असतात हे त्याला पुन्हा आठवलं.

“घेतोस?” बर्लने विचारलं.

घेतो म्हणजे काय! ती बंदूक त्याने हातातून खाली ठेवलीच नाही. घरी आल्यावर रोज संध्याकाळी तो ती घेऊन पायरीवर बसे, लिव्हर उघडी, काडतुसाची कोठी रिकामी, आणि दुर्बिणीतून दरी बघे. समोरच्या उतारावरचे लार्च पिवळे होत चालले होते. एकेक झाड त्याला भेटायला येई. कधी नदीकाठच्या कुरणात गोळ्या झाडून येई, आणि तो डाग तिथला. पण खरं सांगायचं तर त्याने बंदूक घेतली नव्हती, डोळे घेतले होते.

*

कॉफी ओतून होते न होते तोच दारात गाडी थांबली. डॅरल आला तो बोलतच आला. त्याचं बोलणं गाडीत सुरू झालेलं असे आणि घरात फक्त पुढे चालू राहत असे.

“...आणि मी त्याला म्हटलं, अरे तो एल्क नाही, तुझ्या बायकोची गाय आहे! बाबा, कॉफी आहे ना? सिग्नी, तू कधी आलीस? आणि हे काय आहे?” तो टेबलाशी थबकला. “वा! ही कोणाची?”

“माझी,” हाल्वर म्हणाला.

डॅरलचा चेहरा हाल्वरला दिसत नव्हता, पण त्याचा श्वास त्याने ऐकला. मुलाने आधी नव्या बंदुकीवरून हात फिरवला आणि मग मान वर करून दारावरच्या जुन्या बंदुकीकडे पाहिलं. तेवढी हालचाल धुरातूनही कळण्यासारखी होती.

“म्हणजे जुनी...?”

“जुनी काय?” सिग्नी ताडकन म्हणाली. “आधी ही का आली ते विचार. या माणसाला माझा चेहरा दिसत नाही, डॅरल. काल मी समोर उभी होते आणि हे माझ्या कानाशी बोलत होते.”

“कान चांगले आहेत तुझे,” हाल्वर म्हणाला.

“हसू नका, बाबा. डोंगरात आम्ही सगळे खाली मान घालून बसणार आणि आमच्या मागे कोण? जे लोणी समजून साबण लावत होते ते.”

“ते एकदाच झालं.”

“एकदाच पुरतं!”

डॅरलची बायको लॉर्ना एव्हाना आत येऊन हकलबेरीच्या रानफळांनी भरलेल्या ‘पाय’ या गोड पदार्थाची थाळी ओट्यावर ठेवत होती. ती ब्यूट शहरची, खाणकामगारांच्या घरातली. या कुटुंबात येऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती आणि स्टेन्सरूडांच्या भांडणात तोंड घालायचं नाही हे ती पहिल्याच नाताळात शिकली होती. तिने थाळीवरचं फडकं काढलं, घडी केली, आणि घडीकडे बघत उभी राहिली.

“मी उभा राहतो की,” डॅरल म्हणाला. “आजोबांची जुनी घेतो. बाबांनी यंदा कॅम्पवर बसावं, शेकोटी सांभाळावी. काय हरकत आहे?”

“तू?” दारातून आवाज आला. हाल्वरचा धाकटा भाऊ आर्विद आत येत होता, काखेत अस्वलाच्या जुन्या कातड्याची वळकटी. लग्न केलं नाही, मिशी काढली नाही आणि कधी कोणाचं चांगलं बोलला नाही, असा माणूस. “तू उभा राहिलास तर अस्वल आधी तुझी गोष्ट ऐकून घेईल. मग गोष्ट संपत नाही म्हणून कंटाळून आम्हाला खाईल.”

“आर्विदकाका, मी गप्प बसू शकतो.”

“बसून दाखव. आत्ता. थाळी संपेपर्यंत.”

डॅरल हसला, पण ते हसणं फार वर आलं नाही. सगळे बसले. पायचे तुकडे कापले गेले. सुरी थाळीवर घासल्याचा आवाज येत होता आणि दुसरा कसलाच नाही. डॅरलने दोन घास गिळले, तिसऱ्याला म्हणाला, “खरंच, त्या गायीचं काय झालं माहितेय का...” आणि सिग्नीसुद्धा हसली.

तेवढ्यात हाल्वर बोलला. तो फार बोलत नसे म्हणून सगळे थांबले.

“आज सराव आहे. दरवर्षी असतो तसाच करू. मला अस्वल दिसलं तर मी उभा राहीन. नाही दिसलं तर जे म्हणाल ते.”

“जे म्हणू ते?” सिग्नीने विचारलं.

“जे म्हणाल ते.”

सिग्नीने भावाकडे पाहिलं. डॅरलने खांदे उडवले. आर्विदने कातडं मांडीवर घेतलं आणि त्याच्या नाकावरची धूळ फुंकली. “बिचारं,” तो म्हणाला. “दरवर्षी याला मरायचं असतं. यंदा कदाचित जिंकेल.”

*

नदीकाठच्या कुरणात ऊन मऊ होतं. डोंगरांच्या माथ्यावर नवं बर्फ होतं आणि खाली लार्चची पिवळी पानं सुयांसारखी, आवाज न करता पडत होती. सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. हाल्वरला दोन्ही काठांवर वाळुंजाची झुडपं दिसत होती, ती दिसत होती म्हणजे एक तांबूस-करडी वाफ दिसत होती.

आधी नेमबाजी झाली. फळीवर काढलेल्या काळ्या वर्तुळावर प्रत्येकाने एकेक गोळी घातली. हाल्वरने दुर्बिणीतून पाहिलं आणि वर्तुळ त्याच्याकडे चालत आलं. त्याने चाप दाबला. धक्का जुन्याच डागावर बसला. आर्विद फळीपाशी जाऊन ओरडला, “मधोमध! गाढवाच्या लेका, मधोमध!”

डॅरलने टाळ्या वाजवल्या. सिग्नीने वाजवल्या नाहीत. तिला माहीत होतं आणि हाल्वरलाही माहीत होतं, की फळी स्वतःहून कुठे जात नाही.

मग खरा सराव. गवताने भरलेलं पोतं कुरणाच्या मधोमध टाकलं, तो एल्क. त्याच्याभोवती डॅरल आणि सिग्नी गुडघ्यांवर बसले, हातात बोथट सुऱ्या. लॉर्नाची पाळी नंतरची, म्हणून ती थोडी बाजूला गाडीपाशी कॉफीची किटली घेऊन उभी राहिली. आर्विद कातडं पांघरून नदीपलीकडे नाहीसा झाला. कुठून यायचं ते त्याचं तो ठरवणार. उभ्याने त्याला कुरणात आडव्या पडलेल्या झाडाच्या अलीकडे येण्याआधी बघायचं आणि हाक द्यायची. नाही दिली तर अस्वल येऊन बसलेल्यांना पंजा लावणार. पंजा लागला तो मेला.

हाल्वरने लिव्हर उघडून रिकामी कोठी प्रत्येकाला दाखवली. त्यांनी बघून मान हलवली. मग तो त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

पहिल्यांदा त्याने बंदूक छातीशी आडवी धरली, नेहमीसारखी. वाफ. करडी वाफ, पिवळी वाफ. मागे डॅरल हळूच बोलू लागला होता. बसलेल्यांना बोलायची मुभा होती. हाल्वरला वाटलं, एकदा बघून घ्यावं. त्याने दुर्बीण डोळ्याला लावली.

आणि जग परत आलं. वाळुंजाचं एकेक पान, पानाच्या मागची पांढरी लव. पाण्यावर वाकलेली काडी. त्याने दुर्बीण सावकाश डावीकडून उजवीकडे नेली, आणि झुडपांच्या मोकळीत त्याला बर्डी दिसली.

बर्डी त्यांची राखाडी घोडी. पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. तिच्या मानेवरचे केस एका बाजूला पडले होते, ओठांवरून थेंब गळत होता. थेंब पडल्यावर पाण्यात वर्तुळ झालं. ती मान वर करून त्याच्याचकडे बघत होती, जशी ती कुंपणाशी बघत असे, आता तरी येतोस की नाही, अशा नजरेने. हाल्वरला मनापासून आनंद झाला. ही इथे कशी आली, कोणी सोडली, असा विचारही त्याने केला. दुर्बिणीच्या गोल चौकटीत ऊन, पाणी आणि घोडी एवढंच होतं, आणि वेळ म्हणून काही नव्हतंच. ती आता पाय उचलेल, असं त्याला वाटत होतं. तो पाय उचलण्याची वाट बघत राहिला.

मागे डॅरलचं बोलणं थांबलं.

मग आर्विदचा आवाज आला, अगदी पाठीमागून, अगदी हळू. “डॅरल, मेलास. सिग्नी, तूही.”

हाल्वर वळला. पोत्याशेजारी एक मोठा काळा आकार होता. त्याचा पंजा सिग्नीच्या खांद्यावर होता. अस्वल उजवीकडून आलं होतं, उघड्या कुरणातून, आडोसा न घेता.

आर्विदने कातडं डोक्यावरून मागे टाकलं. हाल्वरला चिडवायची इतकी चांगली संधी त्याला जन्मात मिळाली नव्हती, आणि तो म्हणाला, “मी लबाडी केली. पोटावर सरपटत आलो. पकडणं शक्यच नव्हतं.”

“ऊनही डोळ्यांवर होतं,” डॅरल म्हणाला.

ऊन हाल्वरच्या पाठीवर होतं. शर्ट गरम झाला होता.

“वारा होता ना, आवाज येत नव्हता,” सिग्नी म्हणाली. सिग्नी! सकाळपासून भांडणारी सिग्नी. तिचा आवाज तिने कुठल्याशा पेशंटशी बोलावं तसा मऊ झाला होता. “पुन्हा करू या. एकदा चुकलं म्हणून काय झालं? शनिवारपर्यंत वेळ आहे. बाबा, तुम्हीच उभे राहा. आम्ही जरा जास्त लक्ष ठेवू, मधूनमधून मागे बघू. काय, डॅरल?”

“हो हो. बघू की मागे.”

हाल्वर तिघांकडे आळीपाळीने पाहत होता. तीन धुराचे चेहरे, खांद्यांच्या तीन जोड्या. सकाळी ते त्याच्याशी भांडत होते तेव्हा तो त्यांच्यातला एक होता. आता सगळे त्याच्या बाजूचे झाले होते. मागे बघू, म्हणाले. आपल्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे मधूनमधून मागे बघू.

त्याने जमिनीवर बसून बंदूक मांडीवर घेतली.

“मी घोडी बघत होतो,” तो म्हणाला.

“कुठली घोडी?”

“बर्डी.”

“बर्डी जाऊन किती वर्षं झाली, बाबा,” डॅरल म्हणाला.

“माहितेय.” मग त्याने सांगितलं. बादलीवाली बाई, कुंपणावरची मुलं, फुलं. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते थोड्या शब्दांत झालं. “एरवी मला कळतं. जे लख्ख दिसतं ते नसतं. पण या दुर्बिणीतून सगळंच लख्ख दिसतं. खरंसुद्धा. मला वाटलं मी डोळे विकत आणले. माझ्याकडे ओळखायची एकच खूण होती, तीही गेली.”

सिग्नी त्याच्याजवळ येऊन गवतात बसली. “वेड नाही हे, बाबा. डोळे गेलेल्यांना होतं असं. आमच्याकडे येतात अशी माणसं. मला का नाही सांगितलंत?”

“तू गुंड्या लावतेस. पुरे झालं म्हटलं.”

ती हसली आणि तिने नाक पुसलं.

हाल्वरने गाडीकडे तोंड केलं. “लॉर्ना, तुला दिसला होता आर्विद?”

लॉर्ना किटली खाली ठेवून जवळ आली. “हो.”

“कुठे?”

“पडलेल्या झाडाच्या पलीकडे. उभाच होता. सरपटत नव्हता.”

“चहाडखोर,” आर्विद पुटपुटला.

“मग ओरडली का नाहीस?”

लॉर्नाने थोडा विचार केला. तिला उत्तर माहीत नव्हतं म्हणून नव्हे, ते बोलून दाखवावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं म्हणून. “उभे तुम्ही होतात, हाल्वर.”

हाल्वरने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. बोटांना मळसूत्रं चाचपून सापडली. दुर्बीण सुटली तेव्हा बंदूक हातात हलकी झाली. तिची स्वतःची माशी तिथे होतीच, त्याला दिसत नव्हती एवढंच. त्याने बंदूक लॉर्नापुढे धरली.

“यंदा तू.”

डॅरलचा श्वास पुन्हा एकदा ऐकू आला. सकाळचाच. “बाबा, मी मुलगा आहे तुमचा.”

“आहेस. आणि सगळ्या दरीत तुझ्यासारखी सुरी कोणाची चालत नाही.”

“ते नका सांगू. मला का नाही?”

“कारण तुला माणसं लागतात, डॅरल. तू त्यांच्याकडे तोंड करून असतोस. त्यांच्याकडे पाठ करून तासभर उभा राहिलास तर तू आजारी पडशील.” हाल्वर थांबला. आपण मुलाला दुखवलं की त्याची स्तुती केली, त्याचं त्यालाच कळेना. “मला ते सोपं गेलं. ते काही फार चांगलं लक्षण नव्हे.”

डॅरल पायाने गवत उकरत राहिला. लॉर्ना बंदूक न घेता त्याच्याकडे बघत होती. तो बोलला नसता तर ती शनिवार उजाडेपर्यंत तशीच बघत राहिली असती.

“घे ना,” तो शेवटी म्हणाला. “हात दुखतील त्यांचे. आणि हे बघ, मला झोपेत घोरल्याबद्दल गोळी घालायची नाही.”

“बघते,” लॉर्ना म्हणाली आणि तिने बंदूक घेतली. लिव्हर उघडली, रिकामी कोठी एकेकाला दाखवली. हाल्वरलाही दाखवली. त्याला काही दिसलं नाही, तरी त्याने मान हलवली.

आर्विद कातडं ओढत पुन्हा नदीकडे निघाला. सिग्नी आणि डॅरल पोत्याशी बसले. एक जागा उरली होती. हाल्वर तिथपर्यंत गेला, सिग्नीच्या खांद्याचा आधार घेऊन गुडघ्यांवर टेकला, आणि डॅरलने त्याच्या हातात सुरी दिली.

“इथून धरा, बाबा. नाही, पात्याला नाही.”

“माहितेय मला.”

“तुम्हाला काय माहितेय? तुम्ही जन्मात एल्क सोलला नाहीत.”

ते खरं होतं. त्याने फक्त आवाज ऐकले होते. सुरीचा, हाडाचा, आणि सगळ्यांच्या वरून वाहणारा डॅरलचा.

मागे कुरण शांत होतं. आणि हाल्वरला एकदम आपली पाठ जाणवली. केवढी मोठी होती ती! मानेपासून कमरेपर्यंत उघडी, उन्हाने तापलेली. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या पाठी राखल्या, पण अशी एक आपल्यालाही आहे आणि ती अशी मोकळी सोडणं किती कठीण असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मुलं इतकी वर्षं एवढं सगळं त्याच्या हवाली करून गप्पा मारत बसली होती.

नदीच्या बाजूला काहीतरी हललं. एक काडी मोडली. सिग्नीचा हात थांबला, डॅरलचा थांबला. हाल्वरच्या मानेचे स्नायू आपोआप वळायला लागले, आणि त्याने त्यांना वळू दिलं नाही.

मागून हाक आली नाही. लॉर्ना हललीसुद्धा नाही, म्हणजे तिने पाहिलं होतं, आणि ते अस्वल नव्हतं.

सुऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

“मी काय सांगत होतो?” डॅरल म्हणाला.

इतकी वर्षं त्या सगळ्या गोष्टी हाल्वरने पाठमोऱ्या, अर्ध्यामुर्ध्या ऐकल्या होत्या. उभ्याला विचारायची मुभा नव्हती.

“गाय,” तो म्हणाला आणि त्याने सुरी गवतात खुपसली. “त्या माणसाच्या बायकोची गाय. तिचं पुढे काय झालं?”